पाइप गॅस : खर्च किती, येणे किती?

स्वयंपाकघरात पाइप गॅस घेताना भरावयाची रक्कम एकच दिसते. हिशेबात मात्र तिचे दोन भाग करावेत. मीटरपोटीची अनामत परत मिळणारी, पण बिनव्याजी असते. 2006 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा तसा नियमच आहे. म्हणजे ती खर्च नव्हे, येणे होय. अनामत 6,000 रुपये व ठेवीचा दर 7 टक्के धरल्यास वर्षाला 420, म्हणजे महिन्याला 35 रुपये व्याज बुडते. खरा खर्च एवढाच. शिवाय नोंदणी शुल्क, जादा पाइपचे पैसे आणि शेगडीचे जेट बदलण्याची मजुरी. पाइप गॅसचा दाब कमी असल्याने जुने जेट चालत नाही. सिलिंडर परत केल्यास त्याची अनामतही मिळते.

व्यापारी घराण्यात दुकानातील पै-पैची नोंद असते. घरच्या पावत्या मात्र कपाटात हरवतात. घर विकल्यावर वा घरातील वडीलधारे निवर्तल्यावर जोडणी जुन्याच नावावर राहते आणि हक्काची रक्कम अडकते. पावती घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवावी, नाव वेळीच बदलून घ्यावे. वहीत लिहिलेले येणेच वसूल होते.