लॅपटॉप घेताना बियाण्याची पिशवी आठवा



कापसाचा चुकारा हाती येण्याचा आणि शिकणाऱ्या पोरापोरींचे मागणे पुढे येण्याचा हंगाम आता एकच झाला आहे. पूर्वी सुगी उरकली की घरात शिवणयंत्राची, सायकलीची नाहीतर फवारणी पंपाची चर्चा होई. आज ती लॅपटॉपची होते. पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा मागतो, बी.कॉम.ची मुलगी मागते. बाप जिल्ह्याच्या गावी दुकानात जातो, काचेमागे ओळीने मांडलेली चकचकीत यंत्रे बघतो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो, 'यातले सगळ्यात स्वस्त कोणते?' आमचे म्हणणे असे की, हा प्रश्नच महागात पडतो.

आधी हा खर्च आपल्या नाण्यात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये. तीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ चार क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात चार क्विंटल म्हणजे साधारण एका एकराचे पीक, तेही पावसाने साथ दिली तर, आणि बाजारात हमीभाव पदरात पडला तर. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने मोजाल तर आठ क्विंटल ज्वारी होते. यातून खत, बियाणे, वेचणीची मजुरी वजा केलेली नाही. एका एकराचे सगळे पीक ज्या वस्तूवर ओवाळून टाकायचे, तिची चौकशी पंधरा मिनिटांत कशी उरकते?

घ्यायचा कशासाठी?

शेतीसाठी लॅपटॉप लागत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सातबारा, बाजारभाव, हवामान ही सगळी कामे मोबाइलवर होतात. २०२५ च्या हंगामात सीसीआयने कापूस खरेदीची नोंदणी 'कपास किसान' ॲपवर नेली, तीही मोबाइलवरच. म्हणून 'घरात एक असावा' एवढ्यासाठी लॅपटॉप घेणे म्हणजे दोन एकरांच्या धन्याने ट्रॅक्टर घेऊन दारात उभा करण्यासारखे आहे.

लॅपटॉप लागतो तो शिकणाऱ्याला आणि लिहिण्या-हिशेबाचे काम करणाऱ्याला. त्यातही कोण काय शिकते यावर यंत्र ठरते. बी.कॉम.च्या मुलीला टॅली लागते. टॅली विंडोजवर चालते; म्हणून स्वस्त मिळते या एका कारणाने तिला क्रोमबुक आणून देऊ नये. निबंध, तक्ते, ऑनलाइन तास एवढेच काम असेल आणि गावात रेंज पक्की असेल, तर तेच क्रोमबुक पुरते. स्थापत्य किंवा यांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नकाशे काढायचे असतात. त्याला जास्त ताकदीचे यंत्र हवे. आधी कॉलेजातून विचारून यावे की अभ्यासाला कोणते प्रोग्राम लागतात. हलकी जमीन की भारी हे न पाहता वाण निवडणारा शेतकरी आणि अभ्यासक्रम न पाहता लॅपटॉप निवडणारा बाप, दोघांचेही नुकसान एकाच जातीचे.

स्वस्ताईचा इतिहास

गरिबासाठी स्वस्त संगणक ही घोषणा नवी नाही. २००५ साली ट्युनिसच्या जागतिक परिषदेत निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप दाखवला. प्रत्यक्षात तो दोनशे डॉलरच्या आसपास गेला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली ती यंत्रे आली होती. त्याच वर्षी तैवानच्या असूस कंपनीने सात इंची पडद्याचा 'ई पीसी' बाजारात आणला आणि नेटबुक नावाची जात जन्माला आली. यंत्र छोटे, हलके, स्वस्त आणि ताकदीला बेताचे. पाच वर्षे तिची चलती होती. मग टॅबलेट आले आणि २०१२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नेटबुक काढणे बंद केले. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा 'आकाश' टॅबलेट मोठ्या गाजावाजाने आणला. त्याची मेमरी होती २५६ एमबी, आणि बोट दाबून धरल्याशिवाय पडदा दाद देईना.

या सगळ्यात एक दोष समान होता. आधी किंमत ठरवली आणि मग त्या किमतीत बसेल ते यंत्रात भरले. वापरणाऱ्याचे काम किती, हा हिशेब मागे राहिला. नेटबुक हे नाव मागे पडले, पण तो दोष आजही दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर बसलेला आहे.

पिशवीवरचे लेबल

बियाण्याची पिशवी घेताना जाणता शेतकरी पुढच्या बाजूचे भरलेल्या बोंडांचे चित्र पाहत नाही. तो पिशवी उलटी करतो. उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, मुदत वाचतो. लॅपटॉपचा खोकाही असाच उलटा करावा. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मेमरी, म्हणजे रॅम. विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान मर्यादा ४ जीबी आहे. पण किमान म्हणजे रोप जगेल एवढे पाणी. त्यावर बोंड भरत नाही. आज ८ जीबीच्या खाली घेऊ नये. ही मेमरी पुढे वाढवता येते की बोर्डावर कायमची डाग देऊन बसवली आहे, हेही विचारावे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले, म्हणून हात आखडण्याचा मोह होईल. पण जी पुढे वाढवताच येणार नाही, तिथे तरी काटकसर करू नये.

दुसरी, साठवण. इथेच खरी फसगत आहे. स्वस्त यंत्रावर '६४ जीबी ईएमएमसी' असे लिहिलेले असते. ही चीप बोर्डाला जोडलेली असते, बदलता येत नाही आणि चालीला मंद असते. विंडोज आणि त्याचे अपडेट निम्मी जागा खातात; वर्षभरात यंत्र 'जागा नाही' म्हणून अडून बसते. त्याऐवजी २५६ जीबीची एसएसडी पाहावी. दोन्हींच्या चालीतला फरक ज्याने वापरले त्यालाच कळतो, बैलजोडी आणि मोटारसायकल यांच्यातल्यासारखा.

तिसरी, प्रोसेसर. नुसते 'इंटेल' एवढ्यावर समाधान मानू नये. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉपांसाठी बंद केली. तरी ती लावलेले जुने माल दुकानात दिसले तर त्याचे वय ओळखावे. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते बियाण्याच्या मुदतीसारखे वाचावे.

चौथी, विंडोज 'एस मोड'मध्ये आहे का? असेल तर फक्त कंपनीच्या दुकानातले प्रोग्राम चालतात. टॅली बसत नाही. हा मोड फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही. मराठी टाइप करण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. युनिकोड मराठी विंडोजमध्येच असते. लिहिण्या-हिशेबाला लिबर ऑफिस हा प्रोग्राम फुकट आणि कायदेशीर आहे. 'चोरीचा ऑफिस टाकून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नको म्हणावे.

वर्षाचा खर्च काढा

आपण कापसाचा उत्पादन खर्च क्विंटलमागे काढतो. तसा लॅपटॉपचा खर्च वर्षामागे काढावा. समजा, १८ हजारांचे यंत्र दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला ९ हजार पडले. ३२ हजारांचे पाच वर्षे चालले, तर वर्षाला ६,४००. कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप २० हजारांना घेतला, तीन हजारांची नवी बॅटरी टाकली आणि तो चार वर्षे चालला, तर वर्षाला ५,७५०. सगळ्यात स्वस्त कोण, ते आता बघा!

जुना घ्यायला आमची हरकत नाही. बैलही बाजारातून दात बघून घेतातच. इथले दात तीन. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असा, इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच प्रोसेसर हवा. बॅटरीचा रिपोर्ट दुकानदाराकडून समोर काढून घ्यावा. मूळ क्षमता किती आणि आज उरली किती ते त्यात दिसते. आणि जीएसटीचे पक्के बिल व लेखी वॉरंटी. बिल नाही तर सौदा नाही.

आपल्या घराचे हवामान

ही यंत्रे थंड खोलीत बसणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून बनतात. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. टिनाखाली, गादीवर ठेवून यंत्र चालवले तर बॅटरीचे आयुष्य घटते. त्यात आपण कापूस घरातच साठवतो. त्याचे तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात आणि यंत्र तापते. पंखा नसलेली छोटी यंत्रे या बाबतीत बरी; पंख्याचे असेल तर कापसाच्या खोलीत ठेवू नये आणि वर्षातून एकदा साफ करून घ्यावे. वीज जाणाऱ्या गावात बॅटरी किती वॅट-अवरची आहे, ते विचारावे. ४० वॅट-अवरची बॅटरी आणि १० वॅट खाणारे यंत्र म्हणजे चार तास. दुकानातले 'बारा तास चालतो' यापेक्षा हा भागाकार खरा.

दुरुस्ती केंद्र कुठे आहे, हेही किमतीतच धरावे. नागपूर किंवा संभाजीनगरला दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडे. घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते बिल फाडण्याआधी विचारावे. फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

हप्ता आणि कर

'शून्य टक्के व्याज' ही पाटी दिसली की सावध व्हावे. सावकारापासून सोसायटीपर्यंत सगळ्यांचे व्याज भरलेल्या माणसाला हे सांगायची गरज नसावी. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज, त्यात प्रोसेसिंग फी, दोन्ही कागदावर मांडून घ्यावेत.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तीस हजारांत साडेचार हजारांवर रुपये कराचे, म्हणजे सुमारे साठ किलो कापूस. व्यापारी हा कर आपल्या करातून वळता करून घेतो. शेतकरी नोंदणीच्या बाहेर, म्हणून त्याने भरलेला कर भरलेलाच राहतो. माल विकायचा घाऊक भावाने आणि घ्यायचे सगळे किरकोळ भावाने, हे आपले जुने दुखणे इथेही आहेच.

सरकारची चाल बघा. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीवर परवाना बसवला, ओरड होताच दुसऱ्या दिवशी तो पुढे ढकलला आणि नंतर ऑनलाइन मंजुरीवर आणला. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली होती. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ते वर्षअखेरपर्यंत काढूनच ठेवले. म्हणजे आपण विकतो त्याचा भाव वर जाऊ द्यायचा नाही, आणि आपण घेतो त्याच्या वाटेत परवाना! दार उघडायचे तर दोन्ही बाजूंनी उघडा, एवढेच आमचे मागणे आहे.

एकट्याने जाऊ नका

सरकारचे काय ते सरकारशी भांडून पाहू. पण आपल्या हातातले आजच करता येते. एका गावात, नाहीतर शेजारच्या तीन गावांत मिळून दहा घरांना लॅपटॉप घ्यायचा असेल, तर दहा जणांनी दहा दुकानांत जाऊ नये. कागदावर मेमरी, साठवण, वॉरंटी लिहून तीन दुकानांकडून लेखी दर मागवावेत. दहा नगांचे गिऱ्हाईक दारात आले की दुकानदाराची भाषा बदलते. पुढच्या तालुका बैठकीला ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी तो घेऊन यावा. किती वर्षे चालला, काय बिघडले, दुरुस्तीला किती लागले हे सर्वांपुढे सांगावे. वाणांची तुलना आपण बांधावर करतो, तशी ही करावी. जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याचा अनुभव खरा.

शेवटची गोष्ट कडू आहे, पण बोलली पाहिजे. मुलाला लॅपटॉप आणि मुलीला 'मोबाइलवर भागव' असे अनेक घरांत चालते. मोबाइलच्या पडद्यावर ताळेबंद मांडता येत नाही आणि पन्नास पानांचा प्रकल्प लिहिता येत नाही. ज्या पऱ्हाटीतून हा पैसा आला, तिची वेचणी कोणी केली? घरच्या बायामुलींनी. एक लॅपटॉप दोघांत घ्यावा लागला तरी हरकत नाही, पण दोघांचे तास ठरवून द्यावेत. चार क्विंटल कापूस देऊन आणलेल्या यंत्रावर वेचणारीचा हक्क पहिला आहे.