शंभर टक्के, पण कशाचे?

पावसाळा भरात आला की नाशिककरांचे लक्ष दोन ठिकाणी लागलेले असते. एक गोदाघाटावरील दुतोंड्या मारुती आणि दुसरे गंगापूर धरण. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून पुराचे मान सांगण्याची या नगरीची जुनी रीत आहे. धरणाचे मान मात्र टक्क्यांत सांगितले जाते. ‘गंगापूर शंभर टक्के भरले’ ही वार्ता आली की जलपूजन होते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि वर्षभराची चिंता मिटली असे मानून समाज आपापल्या उद्योगाला लागतो. या समाधानात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. शंभर टक्के, पण कशाचे?

गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याची उपयुक्त साठवण क्षमता सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट होती. आज ती ५६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. म्हणजे सुमारे १५७० दशलक्ष घनफूट पाण्याची जागा गाळाने घेतली. मूळ क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहून ही घट अधिक आहे. गंगापूरला पूरक म्हणून वरच्या अंगाला काश्यपी धरण बांधले गेले. त्याची क्षमता १८५० दशलक्ष घनफुटांच्या आसपास आहे. त्यासाठी सार्वजनिक निधी खर्च झाला, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. एका हाताने काश्यपीचे पाणी जोडले जात असताना दुसऱ्या हातातून जवळपास तेवढेच पाणी गाळाखाली निसटत होते. घागर बाहेरून तीच दिसते, काठोकाठ भरतेही. परंतु तळाशी माती साचली असेल तर ती भरल्याचा आनंद किती मानायचा?

हा तळाचा हिशेब आकाशातून मांडता येतो आणि त्या शास्त्राचे एक केंद्र नाशिकमध्येच आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दिंडोरी मार्गावरील ‘मेरी’ हे अनेकांना केवळ एका वसाहतीचे नाव वाटते. प्रत्यक्षात ती १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. राज्यातील धरणांत साचलेल्या गाळाचे सर्वेक्षण उपग्रहीय प्रतिमांच्या साहाय्याने करण्याचे काम तेथील अभियंते करीत आले आहेत.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. पाणी अवरक्त किरण शोषून घेते. माती आणि वनस्पती ते परावर्तित करतात. त्यामुळे उपग्रहाच्या अवरक्त प्रतिमेत जलाशय काळाभोर दिसतो आणि त्याची कडा स्पष्ट उमटते. धरण भरलेले असल्यापासून ते उन्हाळ्यात खाली जाईपर्यंत वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा घेतल्या जातात. त्या त्या दिवशीची पाणीपातळी धरणावरच्या नोंदवहीत असतेच. कोणत्या पातळीला पाणी किती क्षेत्रावर पसरले होते, हे प्रतिमेवरून मोजले जाते. लगतच्या दोन पातळ्यांवरील क्षेत्रे कळली की मधल्या थराचे घनफळ निघते आणि अशा थरांची बेरीज म्हणजे आजची साठवण. धरण बांधताना केलेल्या मोजणीशी तिची तुलना केली की जो फरक उरतो, तोच गाळ. तलावाचे वर्षभरातील आकुंचन हीच त्याच्या पोटाची मोजपट्टी ठरते.

ही दृष्टी भारताने परिश्रमपूर्वक मिळवली आहे. नियमित सेवेसाठीचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह ‘आयआरएस-१ए’ १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत प्रक्षेपकावरून अवकाशात गेला. २००३ मध्ये ‘रिसोर्ससॅट-१’ श्रीहरिकोट्याहून आपल्याच प्रक्षेपकाने झेपावला. पावसाळ्यातील ढग ही साध्या प्रतिमांची मोठी अडचण; तीवर मात करणारा रडारयुक्त ‘ईओएस-०४’ २०२२ मध्ये आणि अमेरिकेच्या सहकार्याने सिद्ध झालेला ‘निसार’ जुलै २०२५ मध्ये कक्षेत पोहोचला. १९७२ पासूनच्या अमेरिकी ‘लँडसॅट’ प्रतिमा जोडल्या, तर पृथ्वीवरील जलाशयांच्या अर्ध्या शतकाचा पट आज अभ्यासकांसमोर उलगडतो.

अर्थात, उपग्रह सर्वज्ञ नव्हे. तो पाण्याचा पसारा पाहतो, खोली पाहत नाही. धरण ज्या पातळीच्या खाली कधी गेलेच नाही, तिथला गाळ त्याला दिसत नाही. त्यासाठी नौकेतून ध्वनिलहरी सोडून तळ मोजावा लागतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की पाणी हिरवळीसारखे भासते आणि हिशेब चुकतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीतील ओलाव्यामुळे कडा धूसर होते. म्हणून प्रतिमेला जमिनीवरील नोंदीची जोड अनिवार्य असते. नोंदवहीतील पातळीच चुकीची असेल, तर अवकाशातील कॅमेरा ती दुरुस्त करू शकत नाही.

गाळाची दुसरी बाजूही नाशिकनेच पाहिली आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला गेला. त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणथळ निर्माण झाली, पक्षी आले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये ‘रामसर’ यादीत समाविष्ट होणारे ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. सिंचनाची हानी ती पक्ष्यांची प्राप्ती झाली. परंतु ज्या धरणावर महानगराची तहान अवलंबून आहे, त्याला हा न्याय लावता येणार नाही. कोणता गाळ राखावा आणि कोणता काढावा, हा विवेक मोजणीनंतरच संभवतो.

मोजणीचा संबंध केवळ तंत्राशी नाही, तो न्यायाशी आहे. गोदावरी खोऱ्यातील वरची आणि खालची धरणे यांच्यातील समन्यायी पाणीवाटपाचा प्रश्न नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्या नात्यात अनेक वर्षे सल निर्माण करीत आला आहे. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे सूत्र घातले. सूत्र टक्क्यांचे असते तेव्हा छेद कोणता, हा प्रश्न निर्णायक ठरतो. वर आणि खाली, दोन्हीकडे गाळ वजा करून आजची क्षमता ठाऊक नसेल, तर दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाला असेच वाटत राहणार. एकाच नदीला माता मानणाऱ्या लेकरांनी परस्परांकडे संशयाने पाहावे, हे शोभणारे नाही. बागलाणातील मोसमकाठच्या फड पद्धतीत नदीचे पाणी पाहूनच त्या वर्षी किती फड भिजवायचे आणि कोणते पीक घ्यायचे, हे गाव ठरवीत असे. वाटपापूर्वी सर्वांसमक्ष मोजणी, हे आपल्या पूर्वजांचे जलशास्त्र होते.

केवळ पाहण्याने काही साधत नाही, हे मध्य आशियातील अरल समुद्राने जगाला शिकवले. १९६० पर्यंत तो जगातील चौथ्या क्रमांकाचा सरोवर होता. कापसाच्या शेतीसाठी त्याला मिळणाऱ्या नद्या वळवल्या गेल्या आणि दशकागणिक तो आटत असल्याची चित्रे उपग्रह पाठवीत राहिले. चित्रे स्पष्ट होती, पण इच्छाशक्ती नव्हती. पुढे २००५ मध्ये कझाकस्तानने उत्तरेकडील छोट्या भागाला बांध घातला, तेव्हा तिथले पाणी पुन्हा वाढले. ती वाढही उपग्रहाने तितक्याच निष्ठेने टिपली.

आपल्यालाही इशारा मिळाला आहे. २०१५ च्या सिंहस्थात लक्षावधी भाविकांनी स्नान केलेले रामकुंड पुढच्याच उन्हाळ्यात कोरडे पडले. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, घाट, निवासव्यवस्था यांची चर्चा होते. तीत धरणाच्या पोटाची चर्चाही हवी. धरणसाठ्याची टक्केवारी प्रसिद्ध करताना ती कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे, हे सोबत सांगितले जावे. ठरावीक वर्षांनी फेरमोजणी व्हावी आणि तिचे अहवाल सामान्य नागरिकाला सहज वाचता यावेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून किती गाळ निघाला, याची पडताळणीही याच पद्धतीने करता येईल. परंतु काढलेल्या गाळापेक्षा येणारा गाळ अधिक असेल, तर ते श्रम व्यर्थ होत. ब्रह्मगिरीच्या परिसरातील उघडे पडलेले उतार झाडांनी आणि गवताने झाकणे, डोंगरांची तोड थांबवणे, हाच मुळावरचा उपाय आहे.

हे सारे शासनावर सोपवून मोकळे होता येणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या जलाशय गणनेत २४ लाखांहून अधिक जलाशयांची नोंद झाली आणि त्यांपैकी ३८ हजारांवर जलाशयांवर अतिक्रमण आढळले. आपल्या गावचा तलाव त्यांत आहे काय? ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुले आहे. महाविद्यालयीन तरुणांनी त्यावर आपल्या गावतळ्याची कडा पाहावी, काठाने प्रत्यक्ष चालून तिची खातरजमा करावी, वृद्धांकडून जुनी हद्द समजून घ्यावी आणि ही माहिती ग्रामसभेत मांडावी. कार्यकर्त्यांना यापेक्षा ठोस आणि निर्विवाद काम क्वचितच मिळेल. जलपूजनाचा नारळ वाढवण्यापूर्वी त्या जलाशयाचे खरे माप माहीत करून घेणे, हीदेखील पूजाच आहे.