अक्षराची निस्बत कोणाशी?

आमच्या नात्यातल्या एका खालांनी तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. तीस बाय चाळीसचा प्लॉट, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. आयुष्यभराची बचत त्यात गेली. नकाशात जिना साडेतीन फूट रुंद होता, मिस्त्रीने बांधला तीन फुटांचा. त्याच्या हातात नकाशाची जी झेरॉक्स होती, तिच्यावर इंग्रजी सहाचा आकडा आणि शून्य यांत फरकच दिसत नव्हता. 3'-6" चं त्याने 3'-0" वाचलं. चूक लक्षात आली तेव्हा प्लास्टरही झालं होतं. गेल्या पावसाळ्यात खालूंचा पाय मोडला. त्यांना खुर्चीवर बसवून वरून खाली आणताना ती सहा इंचांची कसर सगळ्यांना कळली.

तो नकाशा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने काढलेला. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकला, मग आयटीआयमधून आरेखक स्थापत्यचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि एका खाजगी कार्यालयात कामाला लागला. ऑटोकॅडवर त्याचा हात चांगला चालतो. मी विचारलं तेव्हा बिचारा म्हणाला, "सर, स्क्रीन पर तो सब बराबर दिख रहा था."

खोटं बोलत नव्हता. स्क्रीनवर बरोबरच दिसत होतं, आणि दुखणं तिथेच आहे.

मी भाषेचा शिक्षक. काँप्युटर शिकवत नाही. पण अक्षर वाचता येणं हा माझाच विषय आहे, म्हणून त्याच्या शेजारी बसून हे प्रकरण समजून घेतलं. जे समजलं ते लिहितो, कारण हा प्रश्न एका जिन्याचा नाही. आपली कितीतरी मुलं या धंद्यात येत आहेत, आणि घर तर प्रत्येकाला बांधायचं आहे.

हाताने नकाशा काढत तेव्हा भिंतीची लांबी लहान करून कागदावर घेत, आणि अक्षरं थेट कागदावर लिहीत. भिंत लहान व्हायची, अक्षर मात्र डोळ्याला हवं तेवढंच राहायचं. काँप्युटरने हा क्रम उलटा केला. ऑटोकॅडच्या मॉडेल स्पेसमध्ये घर खऱ्या मापाने काढतात. दहा मीटरची भिंत दहा मीटरचीच. छापताना सगळं एकदम लहान होतं. आता त्या भिंतीशेजारी लिहिलेलं अक्षरही भिंतीइतक्याच पटीने लहान होणार. म्हणून आधी ते तेवढ्याच पटीने मोठं लिहावं लागतं. कागदावर अक्षर २.५ मिलिमीटरचं हवं आणि नकाशा १:१०० चा असेल, तर मॉडेलमध्ये अक्षराची उंची २५० मिलिमीटर हवी. १:५० ला १२५, १:५०० ला १२५०.

मुलांना हे पटवायला मी लोणारचं उदाहरण देतो. आपल्या लोणार सरोवराच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १:१०,००० या प्रमाणात ते कागदावर १८ सेंटिमीटरचं होईल. त्यावर 'लोणार' हे नाव कागदावर २.५ मिलिमीटर उंचीने दिसायला हवं असेल, तर मॉडेलमध्ये प्रत्येक अक्षर २५ मीटर उंच लिहावं लागेल. म्हणजे विवराच्या काठावर आठ मजली इमारतीएवढं 'लो' उभं करायचं! मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

हे समजलं नाही तर काय होतं? मिलिमीटरमध्ये काढलेल्या १:१०० च्या नकाशात कोणी उंची २.५ च ठेवली, तर कागदावर ती ०.०२५ मिलिमीटर होते. अक्षर नाही, धूळ. उलट नकाशा मीटरमध्ये असताना २५० टाकले, तर पाव किलोमीटरचं अक्षर स्क्रीनभर पसरतं. मग मूल अंदाजाने आकडा कमीजास्त करत बसतं आणि स्क्रीनवर ठीक दिसलं की थांबतं. पण स्क्रीन झूम होते, कागद होत नाही.

सॉफ्टवेअरने यावर उपाय केव्हाच दिला आहे. ऑटोकॅड २००८ या आवृत्तीपासून अॅनोटेटिव्ह टेक्स्टची सोय आहे. अक्षर कागदावर किती मोठं हवं तेवढं सांगायचं, नकाशाचं प्रमाण निवडायचं, गुणाकार प्रोग्राम करतो. एकाच नकाशाची १:१०० आणि १:५० अशी दोन पानं हवी असतील, तर त्या अक्षरांना दोन्ही प्रमाणं जोडायची, दोन्ही पानांवर ती सारख्याच उंचीची येतात. नाहीतर नावं आणि टिपा सरळ लेआउटच्या कागदावर लिहाव्यात. व्ह्यूपोर्ट लॉक करावा, नाहीतर आत नुसतं झूम केलं तरी त्याचं प्रमाण बदलतं. टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची ठरवून टाकली असेल तर डायमेन्शनच्या आकड्यांची वेगळी उंची लागू होत नाही, यातही मुलं तासन् तास अडकतात.

पण खालांच्या नकाशात यातलं काहीच चुकलं नव्हतं. अक्षरं बरोबर २.५ मिलिमीटरचीच होती, पण ए१ आकाराच्या कागदावर. त्या नकाशाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली आणि झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' करून ए४ वर निघाली. ए१ वरून ए४ वर येताना लांबी जवळजवळ पावणेतीन पटीने कमी होते. अक्षर उरलं ०.९ मिलिमीटरपेक्षाही कमी. कोपऱ्यात '१:१००' लिहिलेलं होतं, तेही आता खोटं झालं होतं. म्हणून मी म्हणतो की नकाशावर मोजपट्टी काढलेली असावी. कागद लहान झाला तर पट्टीही त्याच्याबरोबर लहान होते आणि खरं सांगत राहते. लिहिलेलं प्रमाण तसं करत नाही.

जुन्या जाणकारांनी या लहानमोठ्या होण्याचाही विचार केला होता. तांत्रिक नकाशावरील अक्षरांसाठी आयएस ९६०९ हे भारतीय मानक आहे. त्यातल्या उंची बघा: २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर. प्रत्येक पुढची उंची मागच्या उंचीच्या साधारण १.४ पट. कागदाचे ए१, ए२, ए३ हे आकारही त्याच पटीत. नकाशा एका आकाराने लहान केला की ३.५ चं अक्षर २.५ चं होतं, म्हणजे पुन्हा मानकातच बसतं. एक पायरी लहान होण्याची सोय आधीच केलेली आहे. तीन पायऱ्यांची सोय कोण करणार?

गणिताच्या उर्दू पुस्तकात गुणोत्तराला 'निस्बत' म्हणतात, आणि बोलीत निस्बत म्हणजे नातं. मला हा शब्द फार कामाचा वाटतो. भिंतीची निस्बत जमिनीशी आहे. अक्षराची निस्बत जमिनीशी नाही, भिंतीशीही नाही. ती वाचणाऱ्याच्या डोळ्याशी आहे. एवढं एक वाक्य मुलाच्या भाषेत नीट समजावलं, तर पुढच्या कमांड तो स्वतः शिकतो. आपण मात्र त्याला कमांड पाठ करायला लावतो आणि निस्बत सातवीच्या पुस्तकात सोडून देतो.

आपल्या खुशनवीसांना हे पक्कं ठाऊक होतं. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूर येतं. तिथे १६३१ साली मुमताज महल यांचा इंतकाल झाला आणि त्यांच्यासाठी पुढे आग्र्याला ताजमहाल उभा राहिला. ताजच्या उंच कमानींवरची कुराणाची आयतं शिराझच्या अमानत खान यांनी लिहिली. कमानीवर जसजसं वर जावं तसतशी अक्षरं मोठी होत जातात, म्हणून खाली उभ्या माणसाला ती सारखी दिसतात. त्यांनी दगड मोजला, पण विचार खाली उभ्या असलेल्या माणसाचा केला. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. वाचणारे दोन प्रकारचे आहेत, हे सोळाव्या शतकातल्या माणसांना कळत होतं.

आणि आपण? खाला उर्दू वाचतात, मराठी वाचतात. नकाशावर मालक म्हणून त्यांची सही आहे. पण त्यावर एकही शब्द त्यांना वाचता येईल असा नव्हता. अक्षर बारीक आणि भाषा इंग्रजी. ज्या कागदावर सही केली तो वाचता आला नाही, तर त्या सहीला काय अर्थ?

यावर मला उत्तर मिळतं की नकाशा इंजिनिअर आणि नगरपालिकेसाठी असतो, मालकासाठी नाही. मंजुरीचा कागद त्यांच्यासाठी असेल, मान्य. त्यात जागा कमी असते, तेही मान्य. माझं म्हणणं इतकंच की मालकाची एक वेगळी प्रत द्या. तीस बाय चाळीसचा प्लॉट १:५० ला कागदावर साधारण १८ बाय २४ सेंटिमीटर होतो. म्हणजे एक मजला एका ए४ वर पूर्ण मापाने बसतो, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तसाच निघतो, फक्त 'फिट टू पेज' न करता. नकाशा पुन्हा काढायचा नाही. त्याच फाइलमध्ये दुसरा लेआउट करायचा, मराठी किंवा उर्दू नावांचा एक लेयर ठेवायचा, तो मंजुरीच्या पानावर बंद आणि मालकाच्या पानावर चालू. खोल्यांची नावं, दारं, जिना, महत्त्वाची मापं. काम एका तासाचं.

त्यात दोन गोष्टी पाळाव्यात. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी मिळत नाही, म्हणून युनिकोडचा फाँट घ्यावा. जुने, युनिकोड नसलेले फाँट दुसऱ्याच्या काँप्युटरवर नसले की मजकुराची भेळ होते. आणि मराठीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार असतात. २.५ मध्ये त्यांचा चिखल होतो, म्हणून ३.५ ठेवावं. उर्दूच्या नस्तालिकला त्याहून जास्त जागा लागते. लहान नावांसाठी नस्ख बरा.

माझ्या विद्यार्थ्याने आता ही दुसरी प्रत द्यायला सुरुवात केली आहे. कार्यालयात सुरुवातीला हसले, म्हणे फुकटचं काम. मिस्त्री मात्र तीच प्रत मागतात.

तुमच्या घराचं, मशिदीचं किंवा शाळेच्या नव्या खोलीचं काम निघालं तर सही करण्याआधी कागद हातभर लांब धरा आणि प्रत्येक आकडा स्वतः मोठ्याने वाचा. वाचता आला नाही तर सही करू नका, मोठ्या अक्षरातला कागद मागा. मागायला लाजू नका. खालांनी तेव्हा मागितला असता, तर जिना साडेतीन फुटांचा झाला असता.