भाड्याची स्पोर्ट्स कार आणि आल्प्सचे तीन घाट



उन्हाळी सुट्टीचे बेत आपल्या घरांतून दिवाळी आटोपली की सुरू होतात. अलीकडे या बेतांत एक नवी मागणी ऐकू येऊ लागली आहे. पेढीवर नुकतीच बसू लागलेली तरुण मंडळी म्हणतात, ‘यंदा टूरची बस नको. युरोपात स्पोर्ट्स कार भाड्याने घेऊ आणि आल्प्सच्या घाटांतून स्वतः चालवू.’ घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात तत्क्षणी दोन शंका उभ्या राहतात : एक पैशांच्या उधळपट्टीची, दुसरी जिवाच्या धोक्याची. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर नुसत्या नकारात नाही, तसेच ‘जा, पण जपून’ एवढे म्हणून पैसे मोजण्यातही नाही. ते नियोजनात आहे. या लेखात तेवढेच मांडावयाचे आहे.

प्रथम निष्कर्ष सांगतो, मग त्याची कारणे. स्पोर्ट्स कार संपूर्ण प्रवासासाठी घेऊ नये. तीन दिवसांसाठी घ्यावी. ती ज्या शहरात घेतली तेथेच परत करावी आणि त्या तीन दिवसांत देशाची सीमा ओलांडू नये. उरलेला प्रवास रेल्वेने किंवा साध्या मोटारीने करावा. असे केल्यास खर्च आटोक्यात राहतो, जोखीम कमी होते आणि ज्यासाठी गाडी घेतली तो आनंद मात्र पुरेपूर मिळतो.

आता हिशेब पाहू. अशा गाड्यांच्या भाड्यात रोजच्या किलोमीटरांची मर्यादा बहुधा ठरलेली असते. समजा, ती दिवसाला १५० किलोमीटर आहे आणि त्यापुढील प्रत्येक किलोमीटरला २ फ्रँक पडतात. तरुणांचा कागदावरचा बेत सामान्यतः बारा दिवस, पाच-सहा देश आणि सुमारे ३,००० किलोमीटर असा असतो. बारा दिवसांची सवलत १,८०० किलोमीटरांची झाली. उरलेल्या १,२०० किलोमीटरांचे २,४०० फ्रँक भाड्याव्यतिरिक्त द्यावे लागतील. आणि या अंतराचा मोठा भाग कोणता? सपाट महामार्ग, बोगदे आणि शहरांतील वाहनांची कोंडी. तेथे स्पोर्ट्स कार आणि साधी मोटार यांत फरक एवढाच, की पहिलीचे भाडे कित्येक पट असते. म्हणजे सर्वांत महाग वस्तू आपण सर्वांत निरस रस्त्यावर खर्ची घालतो. व्यापारात हा सौदा कोणी करणार नाही.

मग ही गाडी खरी शोभते कोठे? स्वित्झर्लंडच्या मध्यभागी आंडरमाट नावाचे सुमारे १,४४० मीटर उंचीवरचे गाव आहे. झुरिचहून ते साधारण १२० किलोमीटर. या गावातून निघून फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिमझेल (२,१६४ मीटर) आणि सुस्टेन (२,२२४ मीटर) हे तीन घाट ओलांडून पुन्हा त्याच गावी परत येता येते. हे वर्तुळही सुमारे १२० किलोमीटरांचेच आहे. अंतर ऐकून कोणी म्हणेल, ‘अडीच तासांचे काम.’ तसे नव्हे. घाटात किलोमीटर मोजू नयेत, तास मोजावेत. थांबत, पाहत, जेवत गेल्यास या वर्तुळाला पूर्ण दिवस लागतो आणि तो तसाच द्यावा.

सकाळी फुर्का चढताना एका बाजूला उघडी दरी दिसते. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटातील ॲस्टन मार्टिन याच रस्त्यावर धावली होती. माथा ओलांडून उतरू लागले की रोन हिमनदीचे मुख दिसते. जिनिव्हाच्या सरोवरातून पुढे फ्रान्समध्ये जाणारी आणि भूमध्य समुद्राला मिळणारी रोन नदी येथेच जन्म घेते. हिमनदी वर्षानुवर्षे मागे सरत आहे. तिच्या बर्फातील कोरीव गुहा वाचावी म्हणून उन्हाळ्यात वर पांढऱ्या चादरी पसरलेल्या दिसतात. हे दृश्य पाहून मन विषण्ण होते, आणि आपली मुले ते पाहतील तर बरेच आहे. ग्रिमझेलवर धरणांची करड्या-हिरव्या पाण्याची सरोवरे लागतात. तेथून इनर्टकिर्शेनपर्यंत रस्ता सुमारे १,५०० मीटर खाली उतरतो. शेवटचा सुस्टेनचा रस्ता १९४६ साली खुला झाला. तो मोटारींसाठीच आखलेला असल्याने त्याची वळणे प्रशस्त आणि चढ एकसारखा आहे.

सवलतीचे काही किलोमीटर अजून शिल्लक राहतात. झुरिचहून येणे, जाणे आणि हे वर्तुळ मिळून ३६० झाले. तीन दिवसांचे ४५० मिळतात. उरलेल्यात गोटहार्डचा घाट (२,१०६ मीटर) करून यावा. त्याच्या दक्षिण उतारावरील ‘ट्रेमोला’ हा जुना फरसबंदी रस्ता २४ हेअरपिन वळणे घेत ऐरोलो गावी उतरतो. जाऊन-येऊन अंतर सुमारे ५० किलोमीटर. ऱ्हाईन, रोन, रॉइस आणि टिचिनो या चारही नद्या याच डोंगरसमूहात उगम पावतात, हे मुलांना नकाशा उघडून दाखवावे.

स्टेल्व्हिओ आणि ग्रोसग्लॉकनर ही नावेही तरुणांच्या तोंडी असतात. पहिला घाट इटलीतला, २,७५७ मीटर उंचीचा, एका बाजूने ४८ वळणांचा. दुसरा ऑस्ट्रियातला ४८ किलोमीटरांचा रस्ता, १९३५ साली खुला झालेला आणि वेगळा पथकर घेणारा. दोन्ही अप्रतिम आहेत. परंतु तेथे जाण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये घेतलेली गाडी सीमेपार न्यावी लागते. महाग गाड्या कोणत्या देशांत नेता येतील याची यादी करारात असते आणि यादीबाहेर गेल्यास विमा निरुपयोगी ठरू शकतो. इटलीच्या अनेक शहरांत जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी आहे. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची सूचना काही महिन्यांनी घरी येते. पहिल्या खेपेस एकच देश पुरे. आंडरमाटच्या तिन्ही घाटांवर पथकर नाही. महामार्गासाठी वर्षाचे ४० फ्रँकचे ‘विन्येट’ लागते. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या गाडीला ते असते, तरी विचारून घ्यावे.

कुटुंबाचे काय, हा पुढचा प्रश्न. पोर्शे ९११ सारख्या गाडीत मागची आसने नावापुरती असतात आणि पुढील डिकी सुमारे १३० लिटरची, म्हणजे हातातल्या दोन लहान बॅगांची. आई-वडील, लहान मुले आणि सामान यांनी रेल्वेने यावे. झुरिचहून ग्योशेनेनपर्यंत मुख्य मार्गाची गाडी आणि तेथून दातेरी रुळांची छोटी गाडी आंडरमाटला पोहोचविते. झेरमाट ते सेंट मोरिट्झ जाणारी ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ही आंडरमाटवरून जाते, ज्येष्ठांना त्याच दिवशी तिचा एक टप्पा करता येईल. संध्याकाळी सारे एका ठिकाणी जमतात. कोणाचीही हौस मोडत नाही आणि कोणाला दिवसभर अडचणीत बसावे लागत नाही. गाडी निवडताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा उघडणाऱ्या छतास महत्त्व द्यावे. घाटातील वळणांवर वेग ३०–४० च्या पुढे जात नाही. डोक्यावरचे शिखर मात्र छत उघडल्यावरच दिसते.

आता करारनामा. तो सहीपूर्वी वाचावा, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नसावी. पण परदेशी विमानतळावर रांगेत उभे असताना भलेभले वाचत नाहीत. म्हणून आरक्षण करतानाच तो मागवून घरी वाचावा. पाहावयाच्या गोष्टी पाच आहेत. चालकाचे किमान वय व परवान्याची किमान वर्षे. महाग गाड्यांना ही अट कडक असते. अनामत रक्कम, ती चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, कधी दोन कार्डे मागतात आणि प्रीपेड फॉरेक्स कार्ड बहुधा चालत नाही. नुकसान झाल्यास आपण सोसावयाची रक्कम. विम्यातून वगळलेले भाग. टायर, रिम, काच आणि गाडीचा तळ बहुधा वगळतात, आणि ठेंगण्या गाडीचा तळच आधी घासतो. पाचवी गोष्ट दुसऱ्या चालकाचे नाव. भाऊ चालविणार असेल तर त्याचे नाव करारात हवे. नसेल तर त्याच्या हातून झालेल्या अपघाताला विमा बांधील राहत नाही. गाडी घेताना व देताना चारही बाजू, रिम, किलोमीटर व इंधनाचे काटे यांचे चित्रीकरण करून ठेवावे.

वेगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये गावात ताशी ५०, गावाबाहेर ८० आणि महामार्गावर १२० किलोमीटर ही मर्यादा आहे. गावात ५ किलोमीटर जास्त झाल्यास ४० फ्रँक, ११ ते १५ जास्त झाल्यास २५० फ्रँक दंड होतो. त्यापुढे प्रकरण ठरावीक दंडाच्या पावतीवर मिटत नाही. ८० च्या रस्त्यावर ६० किलोमीटर अधिक वेग आढळल्यास तुरुंगवास होऊ शकतो आणि वाहन जप्त होऊ शकते. गंभीर गुन्ह्यात दंड आर्थिक कुवतीनुसार ठरतो. २०१० साली सेंट गालन येथील न्यायालयाने गावातून भरधाव फेरारी नेणाऱ्या एका धनिकाला जवळपास ३ लाख फ्रँकचा दंड ठोठावल्याचे वृत्त जगभर गाजले होते. ‘दंड भरू आणि पुढे जाऊ’ हा विचार तेथे चालत नाही, हे मुलांच्या कानावर निघण्यापूर्वीच घालावे.

रस्त्याचे रिवाजही शिकून घ्यावेत. वाहने उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे असते. म्हणून गाडी विमानतळावरून उतरल्या उतरल्या घेऊ नये. रात्रभर विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. दिवसाही दिवे लावणे सक्तीचे आहे. अरुंद चढावर वर चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावयाची, हा आपल्या घाटांतला नियम तेथेही आहे. टपाल खात्याच्या पिवळ्या बसला डोंगरी रस्त्यांवर अग्रक्रम असतो. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधील तीन सुरांचा तिचा भोंगा वळणापलीकडून ऐकू आला की आपण थांबावे. उतारावर खालचा गिअर टाकावा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. शनिवार-रविवारी मोटारसायकलींची गर्दी फार, म्हणून मधला वार निवडावा. पायथ्याच्या फलकावर घाट खुला की बंद हे लिहिलेले असते. बंद असल्यास हट्ट न धरता रेल्वेचा दिवस करावा. तशी एक मोकळी तारीख बेतात आधीच ठेवावी.

आहाराची सोय या मार्गावर अवघड नाही, मात्र सावधपणा हवा. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. दुकानांत फळे, पाव, दूध, दही मिळते. ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरतात आणि काही दह्यांत जिलेटिन असते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत. उपाहारगृहातील ‘शाकाहारी’ पदार्थात बटाटा, कांदा हमखास असतो, तेव्हा आधी विचारावे. खाकरा, थेपले, कोरडी चटणी घरून न्यावी; तूप, पनीर, दुधाची मिठाई नेऊ नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. चौविहार पाळणाऱ्यांना जून सोयीचा : महिन्याच्या अखेरीस सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो. सप्टेंबरअखेर तो सव्वासातच्या आसपास येतो.

शेवटी वेळापत्रक. हे घाट बर्फामुळे साधारणतः जून ते ऑक्टोबर एवढेच खुले असतात. चातुर्मासापूर्वी परतावयाचे असेल तर जूनचा उत्तरार्ध धरावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; त्यासोबत किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. म्हणून जानेवारीत तारखा ठरवून अर्जाची वेळ घ्यावी. फेब्रुवारीत गाडीचा करार मागवून वाचावा आणि राहण्याची जागा धरावी. एप्रिलमध्ये आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच बाळगावा लागतो. मे महिन्यात क्रेडिट कार्डाची मर्यादा व परदेशी वापराची सोय बँकेकडून तपासून घ्यावी.

वडीलधाऱ्यांनी तरुणांना एकच सांगावे : हा लेख व कराराचा मसुदा घेऊन एका कागदावर तीन दिवसांचा मार्ग, खर्च आणि चालकांची नावे लिहून आणा. तो कागद नीट उतरला तर परवानगी आनंदाने द्यावी.