हात न पसरणाऱ्याचे देणे

संपादक महाशय,



दरवर्षी 7 डिसेंबरला, 1949 पासून पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनी, शाळांतून व कचेऱ्यांतून निधी गोळा होतो, जिल्ह्याच्या ठिकाणी समारंभ होऊन इष्टांक पुरा केल्याबद्दल अधिकाऱ्यांचे सत्कार होतात, आणि ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो त्यांच्यापैकी एखादा वृद्ध मनुष्य त्याच रात्री कुठल्याशा बसस्थानकाच्या आडोशाला पोते अंथरून निजलेला असतो. याविषयी कोणी विचारले, तर ‘आम्ही मदत देऊ केली होती, पण ते घेतच नाहीत’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. मात्र एवढ्या उत्तरावर प्रकरण दप्तरदाखल करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, एवढेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच आहे.

आमच्या आर्णीतील ज्या गृहस्थांमुळे हा विषय माझ्या मनात घोळू लागला, त्यांचे नाव, मूळ गाव किंवा पलटण मी येथे देत नाही. कारण आपली विपन्नावस्था वर्तमानपत्रात छापून यावी अशी त्यांची इच्छा असती, तर त्यांनी ती फार पूर्वीच पुरी करून घेतली असती. लोक त्यांना ‘फौजीबाबा’ म्हणतात. थंडीत कोणी घोंगडी पुढे केली, तर ‘मले काई कमी नाई, दुसऱ्या कोणाले द्या’ असे म्हणून ते तोंड फिरवतात. गावातल्या काही शहाण्यांना हा ताठा वाटतो, काहींना बुद्धिभ्रंश वाटतो. मला त्यात ताठाही दिसत नाही आणि भ्रंशही दिसत नाही.

सैनिक म्हटला की त्याला निवृत्तिवेतन असणारच, ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत प्रथम दूर झाली पाहिजे. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले त्या सुमारास, सैन्याचा विस्तार झपाट्याने सुरू झाला आणि खेड्यापाड्यांतून तरुण भरती झाले. पुढे 1965 व 1971 ची दोन युद्धे झाली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक होते. त्या काळच्या अटींप्रमाणे जवानाने काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत काढावयाची आणि उरलेली राखीव दलात, असा रिवाज होता, आणि पूर्ण निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षांची अर्हताकारी सेवा लागे. ती भरण्यापूर्वीच ज्यांना मुक्त करण्यात आले, ते उपदानाची एकरकमी रक्कम आणि डिस्चार्ज बुक घेऊन घरी परतले. घर, शेत व मुले शाबूत राहिली त्यांचे निभावले. ज्यांची राहिली नाहीत, त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत ते पंचाहत्तरी किंवा ऐंशी ओलांडलेले आहेत.

अशा माणसासाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु जे केले ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. 1 जुलै 2014 पासून लागू झालेली समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ही योजना निवृत्तिवेतन असणाऱ्यांची. 2003 साली सुरू झालेली माजी सैनिकांची वैद्यकीय योजनाही मुख्यतः त्यांचीच. आणि राज्य शासनाने 2020 मध्ये माजी सैनिकांना घरपट्टीची जी माफी दिली, तिचा लाभ घेण्यासाठी डोक्यावर छप्पर असावे लागते. राहता राहिले केंद्रीय सैनिक मंडळाचे निर्धन माजी सैनिकांसाठीचे मासिक अनुदान, ज्याला कचेरीत ‘पेन्युरी ग्रँट’ म्हणतात. पासष्ट वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकास ते मिळते, आणि 2025 च्या नोव्हेंबरपासून त्याची रक्कम दरमहा 4,000 रुपयांवरून 8,000 रुपये करण्यात आली आहे. ही वाढ खरोखर स्वागतार्ह आहे. पण ते मिळविण्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जासोबत डिस्चार्ज बुक, बँकेचे खाते आणि पत्ता लागतो. आणि आपण निर्धन आहोत हे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते. ज्याचा पत्ता म्हणजे बसस्थानकाचा बाक आहे, आणि ज्याच्या पत्र्याच्या पेटीतील कागद कित्येक पावसाळ्यांपूर्वी भिजून गेले आहेत, त्याने आयुष्यात एवढीच एक गोष्ट जपली आहे की आपण कोणापुढे हात पसरला नाही. आणि नेमका तोच हात पसरल्याचा पुरावा आपण त्याच्याकडून प्रथम मागतो.

फौजेत जेवणाच्या जागेला लंगर म्हणतात. तेथे ताट घेऊन रांगेत उभा राहणारा जवान कोणाचा आश्रित नसतो, आणि वाढणाराही कोणावर उपकार करीत नाही. कंबलपोषबाबांच्या उरुसाच्या दिवसांत आर्णीत जमणाऱ्या सर्व धर्मांच्या माणसांना एका पंगतीला बसताना जशी लाज वाटत नाही, तशी त्यालाही वाटत नाही, कारण तेथे कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. तारुण्याची वर्षे ज्याने या शिस्तीत काढली, त्याच्यापुढे आपण कॅमेऱ्यासमोर घोंगडी धरतो आणि त्याने मान फिरवली की त्याला कृतघ्न ठरवतो. पेशवाईतसुद्धा रणात पडलेल्या लढवय्यांच्या मुलांना सरकारातून बालपरवेशी लावून दिली जात असे. ती नेमणूक गेलेल्याच्या चाकरीबद्दलचे सरकारावरील देणे म्हणून होई, आणि घेणाऱ्याच्या मानाला त्याने बाध येत नसे.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र मला फार बोलके वाटते. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी विद्ध होऊन पांगळे झालेले हे जवान 1972 साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवून आले, आणि देशाने त्यांना पद्मश्री दिली ती 2018 मध्ये. युद्धातील जखमींना टाटांनी आर्थिक साहाय्य देऊ केले तेव्हा त्यांनी पैशांऐवजी काम मागितले असे सांगितले जाते. पुढे टाटांच्याच पुण्यातील टेल्कोत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली हे तर सर्वश्रुतच आहे. सध्या खडकीला असलेल्या क्वीन मेरीज संस्थेत 1917 पासून जायबंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यात येत आले, त्यामागचे तत्त्वही दानाऐवजी काम हेच होते. अर्थात ऐंशीच्या घरातील माणसाकडून कोणी काम घेऊन मगच भाकरी द्यावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्याने स्वतः काही करू म्हटले, तर त्याला ‘बसा बाबा, तुम्ही आता विश्रांती घ्या’ असे सांगून गप्प करू नये, इतकेच.

यावर कोणी म्हणेल की उघड्यावर झोपणारे इतरही आहेत, मग सैनिकाचेच एवढे कौतुक का? प्रश्न रास्त आहे. नागरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचे एक निवारागृह असा मापदंड ठरविण्यात आला, तेव्हा आर्णीसारखी गावे आपोआप हिशेबाबाहेर राहिली, आणि तो अन्याय सर्वांवर सारखाच झाला. निवारा झाला तर सर्वांसाठीच व्हावा. तथापि सैनिकाशी राष्ट्राने लेखी करार केलेला असतो, आणि त्याने आपली बाजू पुरी केलेली असते. शिवाय हा यवतमाळ जिल्हा आहे. मागता न आल्यामुळे किंवा मागण्याची लाज वाटल्यामुळे मनुष्य कोणत्या थराला जातो, हे कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन आपण इतक्या वेळा पाहिले आहे की, निदान आम्ही तरी ‘तो मागत नाही’ याचा अर्थ ‘त्याला नको आहे’ असा करू नये.

म्हणून माझी विनंती अशी की, आर्णीच्या तहसील कचेरीने तलाठी व कोतवाल यांच्याकरवी तालुक्यातील निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांची यादी करावी आणि ती यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावी. त्या कार्यालयाच्या कल्याण संघटकांनी अशा माणसाला यवतमाळला बोलावू नये, स्वतः त्याच्याकडे जावे, आणि शक्य तर सोबत एखादा जुना फौजी न्यावा, म्हणजे बोलणे सोपे होईल. कागद हरवले असतील तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार कार्यालयानेच करावा, आणि पत्ता नसेल तेथे ‘द्वारा तहसील कार्यालय, आर्णी’ असा लिहावा. नगरपरिषदेने आपल्या एखाद्या इमारतीतील एक खोली कोणताही समारंभ न करता उघडून द्यावी. या साऱ्या प्रसंगी छायाचित्र काढले जाऊ नये. पहिल्या भेटीत असे माजी सैनिक ‘नको’ म्हणतील, बहुधा दुसऱ्या भेटीतही म्हणतील. तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘लाभ नाकारला’ असा शेरा मारून फाईल बंद न करता पुढच्या महिन्यात पुन्हा जावे, आणि या कामाचा अहवाल येत्या ध्वजदिनी, निधीच्या आकड्यांबरोबरच, जाहीरपणे वाचून दाखवावा.

आपला नम्र,
एक आर्णीकर
आर्णी, जि. यवतमाळ