शिक्षा लेफ्टनंटपाशीच का थांबते?



लढाईतल्या वागण्याचा निवाडा न्यायालयात बसून करता येत नाही, अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. व्हिएतनाममधील माय लाई हत्याकांडात दोषी ठरलेला अमेरिकी लेफ्टनंट विल्यम कॅली हा निव्वळ बळीचा बकरा होता आणि युद्धात सुक्याबरोबर ओलेही जळायचेच, असा लेखकाचा सूर आहे. तो पटत नाही.

मुळात १६ मार्च १९६८ च्या त्या सकाळी तिथे लढाई झालीच नव्हती. माय लाईसह सोन मी गावाच्या वाड्यांत शिरलेल्या कॅलीच्या चार्ली कंपनीला कुणी प्रतिकार केला नाही. मारले गेले ते म्हातारे, बायका आणि कडेवरची पोरे. अमेरिकी सैन्याच्या मोजणीनुसार ३४७, व्हिएतनामी मोजणीनुसार ५०४. कित्येकांना तर चराशी गोळा करून, समोर उभे राहून गोळ्या घातल्या.

आणि न्यायालयात बसून निवाडा केला तो कुणी? कॅलीच्या खटल्यातले सहाही ज्यूरी लष्करी अधिकारी होते आणि त्यांतले पाच व्हिएतनाममध्ये राहून आलेले. वर्षभर दडपलेले हे प्रकरण पत्रे लिहून वर काढणारा रॉन रायडनआवर सैनिकच होता. जगापुढे आलेली छायाचित्रे लष्कराच्याच छायाचित्रकाराने काढली होती. त्या सकाळी सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवून, ‘आमच्यातल्या कुणी यांच्यावर गोळी झाडली तर त्याच्यावर झाडा’ असे आपल्या साथीदारांना बजावणारा ह्यू थॉम्पसनही त्याच सैन्यात होता. तेव्हा सैनिकाचे मन नागरिकांना काय कळणार, हा मुद्दा इथे उभाच राहत नाही. सैनिकांना ते कळले होते आणि त्यांनी निकालही दिला होता: किमान २२ जणांचे खून, जन्मठेप.

तो निकाल पातळ केला राजकारणाने. शिक्षा सुनावल्यावर लगेच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कॅलीला तुरुंगातून काढून त्याच्या क्वार्टरमध्ये नजरकैदेत ठेवायला लावले. जन्मठेपेची वीस वर्षे झाली, विसाची दहा, आणि १९७४ मध्ये तो मोकळा झाला.

आता बकऱ्याबद्दल. कॅली एकटाच दोषी ठरला, हे खरे. त्याचा कॅप्टन अर्नेस्ट मेदिना निर्दोष सुटला, ब्रिगेडचे कर्नल हेंडरसन सुटले आणि डिव्हिजनचे मेजर जनरल कोस्टर यांच्यावर खटला उभाच राहिला नाही. त्यांचा एक हुद्दा तेवढा उतरवला. पण यावरून ‘मग कॅलीलाही सोडा’ असे म्हणणे म्हणजे न्यायाची उलटी गंगा. वरच्यांना सोडायचे, म्हणून खालच्याची कीव करायची आणि शेवटी त्यालाही सोडायचे. पाचशे माणसे मेली आणि मारणारा कुणीच नाही!

वरच्याला पकडायला कायदा नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. अमेरिकेनेच तो घडवला होता. १९४५ मध्ये मनिलात जपानी सैन्याने केलेल्या कत्तलींबद्दल जनरल यामाशिता यांना अमेरिकी लष्करी आयोगाने फाशी सुनावली. ते तेव्हा दूर बागिओच्या डोंगरात होते, संपर्क तुटला होता, कत्तलीचा हुकूम त्यांनी दिल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरी हाताखालच्यांना आवर घातला नाही हाच गुन्हा ठरला आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांना फासावर चढवले. हा नियम उद्या आपल्याच सार्जंटपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत कुणालाही लागू होऊ शकेल, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मर्फी यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात बजावले होते. पंचवीस वर्षांनी तो कॅप्टनलाही लागू झाला नाही. मेदिना त्याच परिसरात होता, तुकड्यांशी त्याचा रेडिओ संपर्क होता. पण त्याला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध झाले तरच तो दोषी, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले. हरलेल्या जनरलसाठी एक माप आणि स्वतःच्या कॅप्टनसाठी दुसरे.

आपल्याला हे दुटप्पी माप नवे नाही. जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या डायरवर खटला तर भरला गेलाच नाही, उलट ‘मॉर्निंग पोस्ट’ या ब्रिटिश दैनिकाने त्याच्यासाठी २६ हजार पौंडांवर निधी जमवला. त्या देणगीदारांचाही युक्तिवाद हाच होता: बिचाऱ्याने कर्तव्य केले. तो आपल्याला आजही झोंबतो. मग कॅलीसाठी तोच युक्तिवाद आपल्या पुरवणीत मराठीतून का वाचावा लागावा?

सुक्याबरोबर ओले जळते ते वणव्यात. सोन मीत काडी ओढणारे हात होते, ती ओढू देणारे अधिकारी होते आणि नंतर राख झाकणारेही होते. कॅलीवर अन्याय झाला नाही. त्याच्या शेजारची बाके रिकामी राहिली, हा अन्याय झाला, आणि तो सोन मीच्या लोकांवर झाला.

— एक वाचक, सातारा