वजाबाकीचा विज्ञान दिन

आज २८ फेब्रुवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली जाहीर केलेल्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. भिगवण-इंदापूरच्या शाळांतही ठिबक सिंचनाचे नमुने आणि खायच्या सोड्याचे ज्वालामुखी मांडले जातील. फेब्रुवारीचा अखेरचा दिवस २००८ पासून जगभर दुर्मीळ आजार दिन म्हणूनही पाळला जातो. त्याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते. खरे तर त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक शाळेत पडून आहे. ते म्हणजे उंचीची नोंदवही.

प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिले उभे राहणारे एखादे पोर आठवून पाहा. चौथीत असून बालवाडीतले वाटते. अंगाची ठेवण व्यवस्थित, आवाज बारीक, पाढे इतरांसारखेच पाठ. घरचे म्हणतात आजोबांवर गेलाय, शेजारी म्हणतात खायला घाला, आणि मग टॉनिकचा डबा येतो. बहुतेकांच्या बाबतीत यातले काहीतरी खरेही असते. थोड्यांच्या बाबतीत मात्र दोष ताटात नसून पेशीवर असतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वाढीचे संप्रेरक आपणहून पुरेसे सोडत नाही. वरून हायपोथॅलॅमसचा रासायनिक संदेश यावा लागतो, आणि तो झेलायला पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसलेले असावे लागते. त्यालाच रिसेप्टर म्हणतात. हे प्रथिन ४२३ अमिनो आम्लांच्या साखळीचे, आवरणातून सात वेळा आरपार गेलेले. त्याच्या जनुकात ७२व्या अमिनो आम्लाच्या संकेतात एका अक्षराचा बदल झाला, की साखळी तिथेच तुटते. आवरणात रुतणारा भाग तयारच होत नाही. निरोप्या रोज येतो, पण त्याने ठोठावायला दारच बसवलेले नाही. जन्मावेळी बाळ जवळजवळ इतरांएवढेच असते, मागे पडते ते नंतर.

हा बदल माणसात प्रथम नोंदला गेला तो १९९६ मध्ये, एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांत. पाठोपाठ सिंधमधल्या ठेंगण्या माणसांचा अभ्यास गेरहार्ड बाउमान आणि हिरालाल माहेश्वरी यांनी केला. तिथल्या प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १३० सेंटिमीटर, आणि जनुकातला बदल अगदी तोच. २००५ मध्ये मुंबईच्या डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांना पश्चिम भारतातल्या कुटुंबांतही तो सापडला. फाळणीची रेघ जनुकांनी मानलेली दिसत नाही.

सदोष प्रत आई आणि बाप अशा दोघांकडून आली तरच हा आजार होतो. इथे आपल्या घरातली गोष्ट बोलायला हवी. मामाची मुलगी करणे आपल्याकडे अनेक जातींत रीतीला धरून आहे. सामाईक आजोबांकडे अशी एक प्रत असेल, तर आते-मामे भावंडांच्या प्रत्येक अपत्याला या आजाराची शक्यता ६४ मध्ये १ इतकी येते. यावरून कोणाच्या सोयरिकीला नावे ठेवायचे कारण नाही. पण अशा घरातले मूल वाढत नसेल, तर वाट पाहू नये.

कारण यावर इलाज आहे. वाढीचे संप्रेरक टोचले की मूल वाढते. हाडांची टोके जुळून येण्याआधी सुरुवात व्हायला हवी, एवढेच. दोष आणखी एक पायरी खाली, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्याच रिसेप्टरमध्ये असेल, तर चित्र उलटे होते. झ्वी लारॉन यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेल्या त्या आजारात रक्तात संप्रेरक भरपूर असते, म्हणून ते टोचून उपयोग नसतो. दिसायला दोन्ही मुले सारखीच. तेव्हा इंजेक्शनाआधी तपासणी हवीच. खर्चाचे ओझे मोठे आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या कमतरतेसाठी या उपचाराचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे. पण तिथवर पोहोचायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते.

ती शंका वजाबाकीतून येते. शाळकरी मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढते. वाढ ४ च्या आत राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. उंची लिहिली जाते, पण गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ती क्वचितच ठेवली जाते. आज प्रत्येक वर्गाने आपापल्या उंचीची ही वजाबाकी करावी. ज्वालामुखीपेक्षा हा प्रयोग स्वस्त आहे.

कोप्यांवरच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांची अडचण वेगळी. त्यांची एक नोंद गावाकडे, दुसरी इथे, आणि दोन्ही कधी भेटत नाहीत. त्यांची उंची तारखेसह एका कार्डावर लिहून ते कार्ड आईकडेच द्यावे, आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतण्याआधी, याच आठवड्यात द्यावे.